तीस मीटरची टेकडी: लायडारवरून उठाव मोजायला शिकताना

लायडारवरून, म्हणजे विमानातून लेझरने केलेल्या जमिनीच्या मोजणीवरून, टेकडीचा उठाव काढायच्या या कामाला सुरुवातीला बूट लागत नाहीत. बऱ्यापैकी चालणारा संगणक, क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं नकाशांचं सॉफ्टवेअर, चार-पाच जीबी रिकामी जागा आणि एखादी निवांत संध्याकाळ एवढं पुरतं. तेवढ्यावर ब्रिटनमधली एखादी टेकडी यादीत चढवता येते किंवा यादीतून उतरवता येते. आणि हो, हा नाद लागला की सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

याद्यांची ओळख थोडक्यात करून घेऊ. १८९१ मध्ये सर ह्यू मन्रो यांनी स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांवरच्या शिखरांची यादी छापली आणि तेव्हापासून तिथे डोंगर मोजून यादीवर खुणा करणाऱ्यांची जमात तयार झाली. मन्रोंचा मुख्य निकष उंचीचा होता. १९९२ मध्ये ॲलन डॉसन यांनी वेगळा निकष घेतला: समुद्रसपाटीपासूनची उंची कितीही असो, डोंगर आजूबाजूच्या जमिनीतून किमान १५० मीटर वर उठलेला हवा. या डोंगरांना नाव पडलं मॅरिलिन. मन्रो या आडनावापुढे दुसरं कोणतं नाव सुचणार! पुढे हाच निकष खाली खाली येत गेला. १०० मीटर उठावाचे ते हंप, ३० मीटरचे ते टंप. टंपांची संख्या सतरा हजारांच्या आसपास आहे. त्यात कुणाच्या शेतातला उंचवटा येतो, गोल्फच्या मैदानामागचं टेकाड येतं आणि गावाबाहेरची झाडीही येते.

नवशिक्यासाठी खरी मजा टंपांतच आहे. मोठ्या डोंगरांवर लोक महागडी उपकरणं घेऊन कधीच जाऊन आलेत. छोट्या टेकड्यांचे आकडे मात्र बरीच वर्षं छापील नकाशावरून वाचलेले होते. विमानातून काढलेल्या फोटोंवरून ठरवलेल्या त्या उंचीत तीनेक मीटरची चूक सहज असू शकते. १५० मीटरच्या निकषात तीन मीटर खपून जातात, तीस मीटरच्या निकषात नाही.

उठाव म्हणजे काय

आधी हे डोक्यात पक्कं बसू द्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. कल्पना करा, सगळ्या मुलखात पाणी भरत चाललंय. पाणी चढता चढता एका क्षणी तुमची टेकडी जास्त उंच जमिनीपासून तुटून बेट होते. जिथे जमिनीची शेवटची पट्टी पाण्याखाली गेली, ती तुमची खिंड. माथ्याची उंची वजा खिंडीची उंची म्हणजे उठाव. तिकडचे लोक याला ड्रॉप म्हणतात.

नवखे लोक हमखास करतात ती चूक अशी की टेकडीच्या सर्वांत जवळची खिंड धरायची. जवळ-लांब याला अर्थ नाही. तुमच्या टेकडीपासून दोन बाजूंना धारा निघून दोन्हीकडे जास्त उंच जमिनीला मिळत असतील, तर त्या दोन खिंडींपैकी जी वर आहे तीच मोजायची. शिवाय खिंड शोधायची ती तुमच्यापेक्षा उंच जमिनीकडे जाणाऱ्या वाटेवर. शेजारचा ठेंगणा उंचवटा मोजणीत धरायचाच नाही.

टेकडी कोणती निवडायची

नावाजलेली टेकडी घेऊ नका, तिच्यामागे दहा जण आधीच लागलेले असतात. ज्यांचा नोंदलेला उठाव २८ ते ३१ मीटरांच्या मध्ये आहे अशा टेकड्या काढा. किंवा नकाशावरूनच अंदाज बांधा. समजा, माथ्यावर १८७ हा आकडा छापलाय. खिंडीपाशी आकडा नाही, पण ती १५५ आणि १६० च्या समोच्च रेषांच्या मध्ये आहे. म्हणजे उठाव २७ ते ३२ च्या मध्ये कुठेतरी. ही आपली टेकडी. उठाव २० आणि २५ च्या मध्ये निघाला तर सोडून द्या, लायडारने कितीही चमत्कार केला तरी पाच मीटर कुठून आणणार?

पहिल्या खेपेला गवताळ, उघडी, गोलसर टेकडी घ्या. पाइनची दाट लागवड असलेली टेकडी दहाव्या खेपेसाठी ठेवा.

माहिती कुठून आणायची

विमानातून लेझरचे झोत खाली सोडायचे आणि ते परत यायला किती वेळ लागला यावरून जमिनीची उंची काढायची, हे लायडारचं तंत्र. इंग्लंडमध्ये हे काम पर्यावरण खात्याची एन्व्हायर्न्मेंट एजन्सी करते आणि २०१५ पासून तिने ही माहिती सर्वांना फुकट खुली केली आहे. त्यांचा मूळ हेतू टेकड्यांचा नव्हताच. पूर आला तर पाणी कुठवर जाईल ते त्यांना बघायचं होतं. त्यामुळे सुरुवातीच्या उड्डाणांत नद्यांची खोरी आणि किनारे बारीक मोजले गेले आणि डोंगरमाथे राहून गेले. नंतरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जवळपास सगळं इंग्लंड एक मीटरच्या चौकटींत मोजून झालं. वेल्सची माहितीही मिळते. स्कॉटलंडमध्ये गोधडीसारखे तुकडे आहेत, तेव्हा टेकडी निवडण्याआधी तिथलं उड्डाण झालंय का ते बघा.

डाउनलोड करताना दोन प्रकार दिसतील. डीएसएममध्ये झाडं, घरं, कुंपणं सगळं धरलेलं असतं, म्हणजे लेझरला जे वरून पहिलं लागलं ते. डीटीएममध्ये हे सगळं गणिताने खरवडून फक्त जमीन ठेवलेली असते. आपल्याला डीटीएम हवा, पण डीएसएमही उतरवून घ्या. कारण पुढे कळेल. तुकडे पाच किलोमीटरच्या चौकोनांत मिळतात. माथा एका चौकोनात आणि खिंड दुसऱ्यात, असं बऱ्याचदा होतं, म्हणून आजूबाजूचे चौकोनही घ्या.

आता संगणकावर

क्यूजीआयएस उघडून प्रकल्पाची निर्देशांक पद्धत ब्रिटिश नॅशनल ग्रिड, म्हणजे ईपीएसजी २७७००, अशी ठेवा. सगळे तुकडे आत ओढा आणि रास्टरच्या (म्हणजे चौकटी-चौकटींच्या चित्राच्या) मेनूतून व्हर्च्युअल रास्टर बांधून त्यांचा एकच थर करा. त्या थरावरून हिलशेड काढा. तिरप्या उन्हात जमीन कशी दिसेल तसं हे राखाडी चित्र असतं. ही पायरी गाळू नका. आकडे खोटं बोलतात तेव्हा हिलशेड खरं सांगतं.

माथा शोधणं सोपं. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये थराचं नाव, पुढे मोठ्याचं चिन्ह आणि एक आकडा टाका. नकाशावर १८७ आहे, म्हणून १८६ पासून सुरू करा. त्याहून उंच चौकटी एका रंगात उमटतील. आकडा थोडा थोडा वाढवत न्या. ठिपका आकसत आकसत दोन-चार चौकटींवर आला की तिथे चौकटीची उंची दाखवणाऱ्या आयडेंटिफाय या साधनाने टिचकी मारा. समजा १८७.१ आलं. निर्देशांक लगेच लिहून ठेवा. पण माथा दुसऱ्याच शेतात निघाला तर दचकू नका. सपाट माथ्यावर छापील आकडा बहुधा त्रिकोणमापनाच्या खांबापाशी असतो, आणि खांब उभारणाऱ्यांना चारी बाजूंचं दिसणं महत्त्वाचं होतं. सर्वांत उंच गवताची काडी शोधणं हे त्यांचं काम नव्हतं.

खिंड

माझ्या मते या कामाचा नव्वद टक्के वेळ खिंडीत जातो, आणि जायलाच हवा. माथ्याला एक टोक असतं. खिंड एका दिशेने सर्वांत खालची आणि त्याच्या आडव्या दिशेने सर्वांत वरची असते, म्हणून ती डोळ्याला सहज सापडत नाही. छोट्या टेकड्यांच्या खिंडी तर चक्क सपाट शेतं असतात, शंभर-दोनशे मीटर लांब.

मघाचं पाणी इथे कामी येतं. त्याच कॅल्क्युलेटरमध्ये १५६ टाका. टेकडी आणि पलीकडची उंच जमीन एकाच रंगात जोडलेली दिसतेय? म्हणजे पाणी अजून खिंडीखाली आहे. १५७ टाका. आता टेकडी सुटी बेट झाली. १५६.५: जोडलेली. १५६.८: तुटली. १५६.७: एका अरुंद पट्टीने जोडलेली. म्हणजे खिंड १५६.७ आणि १५६.८ च्या मध्ये. उठाव साधारण ३०.३५ मीटर. टंप!

थांबा, इतक्यात नाही. त्या अरुंद पट्टीवर पूर्ण झूम करा. पट्टी म्हणजे दोन-तीन चौकटी रुंदीची सरळसोट रेघ आहे का? मग ती कुंपणाची झुडपं किंवा शेताचा बांध असणार, आणि डीटीएमच्या गणिताला तो नीट खरवडता आलेला नाही. असल्या बांधावरून तुमचं पाणी विनाकारण अडतं आणि खिंड खऱ्यापेक्षा वर दिसते. दोन चौकटी फक्त कोपऱ्याला कोपरा लावून जोडल्या असतील तर त्यांना जोडलेलं मानायचं की नाही, यावर डोकं खपवू नका, फरक दोन-चार सेंटिमीटरचाच पडतो. पडताळा म्हणून दहा सेंटिमीटर अंतराच्या समोच्च रेषा काढा. खऱ्या खिंडीपाशी त्या दोन्ही बाजूंनी आत दबून डमरूसारख्या दिसतात. डमरूची कंबर म्हणजे तुमची जागा.

माझी फजिती आणि तिच्यासारख्या इतर

मी यादीत चढवायला निघालेली पहिलीच टेकडी ३०.६ ची निघाली होती. रात्री दीड वाजता मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. सकाळी हिलशेड पुन्हा पाहिलं तर माथ्यावरचा तो 'सर्वांत उंच' भाग व्यवस्थित आयताकृती होता. चारही कडा सरळ, कोपरे काटकोनात. ती पाण्याची झाकलेली टाकी होती. इंग्लंडमधल्या ठेंगण्या टेकड्यांवर अशा टाक्या जागोजाग आहेत. वर माती टाकून गवत लावलेलं असतं, त्यामुळे हवाई फोटोत नुसती हिरवळ दिसते आणि डीटीएमला ती जमीनच वाटते. टाकी वगळल्यावर उठाव २८ वर आला. टेकडी होती तिथेच राहिली आणि मी गुपचूप पुढच्या टेकडीकडे वळलो.

तेव्हा सरळ रेषा दिसली की संशय घ्यायचा. माथ्यावरचे गोल फुगवटे शेणखताचे किंवा चाऱ्याचे ढीग असू शकतात. रचलेल्या दगडांची रास, त्रिकोणमापनाचा खांब, भिंत, इमारत यांची उंची धरत नाहीत. सरेमधल्या लीथ हिलची गंमत प्रसिद्ध आहे. टेकडी २९४ मीटरची, म्हणजे १००० फुटांना थोडी कमी. १७६५ मध्ये तिच्यावर मनोरा बांधून हजार फुटांची हौस भागवून घेतली गेली. याद्यांनी मात्र जमीनच मोजली. प्राचीन थडग्यांचे उंचवटे, खाणीचा टाकाऊ ढिगारा, खिंडीतून काढलेला रस्त्याचा खणाव किंवा रेल्वेचा भराव ही मधली प्रकरणं आहेत. ज्या यादीसाठी मोजताय तिचा नियम आधी वाचा आणि शंका असेल तिथे दोन्ही आकडे द्या, त्या गोष्टीसह आणि तिच्याविना.

उलटी चूकही होते. गणित खडकाळ माथ्याचं टोक झाड समजून छाटतं. डीएसएम उतरवून घ्यायला सांगितलं ते यासाठी. दोन्ही थरांत माथ्यापाशी दीड मीटरचा फरक असेल आणि फोटोत तिथे झाड नसेल, तर तो खडक आहे. आणि दाट लागवडीखाली लेझर जमिनीपर्यंत पोचतच नाही. तिथे हिलशेडमध्ये मोठाले गुळगुळीत त्रिकोण दिसतात, हिऱ्याला पैलू पाडल्यासारखे. ती मोजलेली जमीन नाही, दोन मोजलेल्या ठिकाणांच्या मधला अंदाज आहे. माथा किंवा खिंड अशा त्रिकोणात पडत असेल तर निकाल राखून ठेवा.

चूक किती धरायची

या लायडारच्या उंचीत साधारण पंधरा सेंटिमीटरची प्रमाणित चूक धरतात. आपण दोन उंच्या वजा करतोय, म्हणून दोन्हींची चूक एकत्र येते. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर २१ सेंटिमीटर. पक्कं म्हणायचं तर याची दुप्पट, म्हणजे ४२ सेंटिमीटर सोडावे लागतात. आपल्या ३०.३५ मधून ते वजा केले तर २९.९३ उरतात. म्हणजे मघाची टेकडी 'बहुधा टंप' आहे, 'नक्की टंप' नाही.

इथे एक बारकावा तुमच्या बाजूने आहे. माथा आणि खिंड एकाच उड्डाणात मोजले असतील, तर विमानाची बरीचशी चूक दोन्हीकडे सारखीच असते आणि वजाबाकीत गळून जाते. वेगवेगळ्या वर्षांच्या उड्डाणांत ती गळत नाही. एकत्र शिवलेल्या थरात कोणता भाग कोणत्या वर्षाचा हे सोबतच्या माहितीत दिलेलं असतं. ते बघायचा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि नेमकी तिथेच शिवण खिंडीतून गेलेली निघते.

सेंटिमीटरचं इतकं कौतुक कशाला, असं वाटत असेल तर कंब्रियातल्या काफ टॉपकडे बघा. २००० फूट म्हणजे ६०९.६ मीटर. हा डोंगर वर्षानुवर्षं ६०९ म्हणून छापला जात होता. २०१६ मध्ये त्याची अधिकृत उंची ६०९.६०६ ठरली आणि तो सहा मिलिमीटरने २००० फुटांच्या पंगतीत जाऊन बसला. वेल्समधला मिनिद ग्राइग गोख २००८ मध्ये ६०९.७५ भरून असाच वर गेला, तर स्कॉटलंडमधला स्गूर नान क्यानिखन २००९ मध्ये ९१३.४३ भरला आणि मन्रोंच्या यादीतून बाहेर पडला, कारण तिथली रेघ ३००० फुटांची, म्हणजे ९१४.४ ची. पण हे निकाल काही तास जागेवर ठेवलेल्या सर्वेक्षणाच्या जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा आणि उंची ठरवणाऱ्या) यंत्रांनी दिलेले आहेत. नुसत्या लायडारवर मिलिमीटरच्या बाता मारायच्या नाहीत. एक दशांश पुरे.

एक चढली की दुसरी उतरते

वर्गवारी बदलताना शेजाऱ्यांचंही बघावं लागतं. समजा, एकाच धारेवर दोन माथे आहेत, दोन्ही नकाशावर २१४, मध्ये २०० वर खिंड, आणि दोन्हींच्या बाहेरची मोठी खिंड १७० वर. आतापर्यंत पश्चिमेच्या माथ्याला उठाव ४४ आणि पूर्वेच्या माथ्याला १४ दिला होता. लायडार म्हणतं, पश्चिम २१३.८, पूर्व २१४.३. झालं! पूर्वेचा माथा यादीत आला आणि पश्चिमेचा गेला. यादीतली संख्या तेवढीच राहते, पण आधी पश्चिमेला जाऊन खूण केलेल्या सगळ्यांना पुन्हा जावं लागतं. त्यांच्या शिव्या खाण्याची तयारी ठेवा. फरक दहा-वीस सेंटिमीटरांचा असेल तर दोन्ही माथे नोंदवून 'दोन्हींना भेट द्यावी' असं लिहिणं शहाणपणाचं.

प्रत्यक्ष जायचं तर

निकाल काठावर असेल तर जाऊन बघण्याला पर्याय नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागून बहुतेक जमिनीवर फिरता येतं. इंग्लंड-वेल्समध्ये टंप बरेचदा खाजगी शेतात असतात, तिथे परवानगी विचारा. फोनवरची उंची मात्र विसरा. फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे करतंच, शिवाय काही ॲप उंची समुद्रसपाटीपासून न दाखवता पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या लंबगोलाच्या गणिती पृष्ठापासून दाखवतात, आणि ब्रिटनमध्ये ते पृष्ठ समुद्रसपाटीपासून साधारण पन्नास मीटर खाली आहे. नकाशावरच्या उंच्या कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन इथे १९१५ ते १९२१ या काळात मोजलेल्या सरासरी समुद्रपातळीपासूनच्या आहेत. फोनचा उपयोग लायडारने दिलेल्या निर्देशांकापाशी पोचण्यापुरता.

तिथे जाऊन करायचं काय? बघायचं. ती अरुंद पट्टी खरंच बांध आहे का, माथ्यावर खडक आहे की ढीग, दोन माथ्यांपैकी कोणता उंच वाटतो. डोळ्यापाशी धरायची छोटी हँड लेव्हल (नजर अगदी आडवी आहे का ते दाखवणारी नळी) असली तर उत्तम: एका माथ्यावरून दुसऱ्याकडे बघायचं, मग तिकडे जाऊन उलट बघायचं. पन्नास-शंभर मीटरांच्या अंतरावर ती कोणता माथा उंच याचा बऱ्यापैकी कौल देते.

नोंद कशी पाठवायची

यादी सांभाळणारे लोक हौशी आणि कामात बुडालेले असतात. त्यांना तुमचं वर्णन नको, पडताळता येईल असा मजकूर हवा. माथ्याचे आणि खिंडीचे दहा आकडी ग्रिड निर्देशांक, दोन्ही उंच्या एक दशांशापर्यंत, डीटीएम की डीएसएम, चौकट किती मीटरची, उड्डाणाचं वर्ष, माथ्यावर काय आहे ते तीन शब्दांत ('खांबाच्या पूर्वेला गवत'), आणि डमरूच्या कंबरेचं एक चित्र. काठावरचा निकाल असेल तर तसं स्पष्ट लिहा. 'टंप निश्चित' असं छातीठोक लिहून नंतर माघार घेणाऱ्याची पुढची नोंद लोक दोनदा तपासतात, हे मी त्या टाकीच्या कृपेने थोडक्यात टाळलं.

आपल्या वहीतला जुना आकडा मात्र खोडू नका. त्याच्यापुढे तारीख आणि तो कशावरून घेतला ते टाका आणि नवा आकडा खालच्या ओळीवर लिहा. पाच-सात वर्षांनी त्याच टेकडीवरून पुन्हा विमान जाईल, तेव्हा तिसरी ओळ लागेल.